उशिरा दाखल

"हृदय बंद पडल्याबिगर कोणी मरते का, डॉक्टरसाहेब?"

रामटेकेबाबूंनी मला ऐकवलेलं हे पहिलं वाक्य. मी नागपूरच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात मेडिसिनचा नवा निवासी डॉक्टर होतो आणि ते तिथल्या रेकॉर्ड रूमचे बाबू. मी लिहिलेला मृत्यूच्या कारणाचा दाखला त्यांनी शिपायाबरोबर परत पाठवला होता. मी तो तसाच पुन्हा खाली धाडला. दुसऱ्या वेळी ते स्वतः दोन जिने चढून वॉर्डात आले, कागद माझ्यापुढे धरला आणि वरचं वाक्य बोलले. कारणाच्या जागी मी 'हृदयक्रिया व श्वसन बंद पडल्याने' असं लिहिलं होतं. सगळेच तसं लिहायचे. माझ्या वरचे लिहायचे, त्यांच्याही वरचे लिहायचे.

"हे तर मरण झालं," ते शांतपणे म्हणाले. "कारण सांगा."

मला राग आला. बारावी पास बाबू मला वैद्यक शिकवणार! पण मी दाखला बदलून दिला, कारण तो बदलल्याशिवाय ते वॉर्डातून हलतील अशी चिन्हं दिसेनात. ते भांडत नसत, आवाज चढवत नसत. नुसते उभे राहत. सहा फूट उंच, काटकुळा माणूस, मार्च संपला तरी अंगात बिनबाह्यांचा स्वेटर आणि कानावर पेन्सिल. असा माणूस शेजारी उभा असला की डॉक्टरला नाडीचे ठोकेही मोजता येत नाहीत.

ती पेन्सिल हे त्यांचं हत्यार. सरकारी कागदावर ते पेनाने काही लिहीत नसत. "पेन तुमचं, पेन्सिल माही," म्हणायचे. शंका आली की समासात एक छोटंसं प्रश्नचिन्ह काढायचे, इतकं नाजूक की बोटाने पुसलं तरी जावं. आमच्या निम्म्या डॉक्टरांना त्या प्रश्नचिन्हाची वरिष्ठांच्या मेमोपेक्षा जास्त धास्ती होती. उरलेले निम्मे ते बोटाने पुसून टाकत. मग ते पुन्हा काढत.

मृत्यूच्या दाखल्यावर कारणासाठी तीन ओळी असतात. शेवटी काय झालं ते पहिल्या ओळीत, ते कशामुळे झालं ते दुसरीत, आणि तेही मुळात कशामुळे, ते तिसरीत. तिसरी ओळ आम्ही बहुधा कोरी सोडायचो. रामटेकेबाबूंचा सगळा जीव त्या तिसऱ्या ओळीत. "पहिल्या दोन ओळी दफ्तरासाठी," ते म्हणत, "तिसरी घरी न्यायची असते."

याचा अर्थ मला एका मेंदूज्वराच्या केसमध्ये कळला. काटोलकडच्या एका बाईला बेशुद्धावस्थेत आणलं होतं. पाठीतलं पाणी काढलं तर ते भाताच्या पेजेसारखं गढूळ. जिवाणूंचा मेंदूज्वर. चौथ्या दिवशी ती गेली. मी पहिल्या ओळीत मेंदूची सूज लिहिली, दुसरीत मेंदूज्वर. या वेळी दाखला परत येणार नाही, अशी माझी खात्री होती. आला. तिसऱ्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह. खाली जाऊन विचारलं तर रामटेकेबाबूंनी केसपेपरचं पहिलं पान उघडलं. अपघात विभागातल्या कुणीतरी घाईघाईत लिहिलं होतं, 'डावा कान लहानपणापासून वाहतो.' मी ते वाचलंच नव्हतं.

मी तिसऱ्या ओळीत कान लिहिला. तिचा नवरा दाखला न्यायला आला तेव्हा योगायोगाने मी तिथेच होतो. रामटेकेबाबूंनी त्याला स्टुलावर बसवलं आणि अख्खा दाखला मराठीत समजावून सांगितला.

"कान वाहते म्हणून कोणी मरते का, बाबू?" तो म्हणाला.

"पस आतमंधी चढला तर मरते गा. हाडाच्या पल्याड मेंदूच आहे."

त्याने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "माया पोरीचाही वाहते."

त्या मुलीच्या कानाचं त्याच महिन्यात ऑपरेशन झालं. मी पुढे वर्षानुवर्षं मेंदूज्वर शिकवला, पण त्या आजारापासून वाचलेलं एक माणूस दाखवायचं झालं, तर मी त्या मुलीचं नाव घेईन. आणि तिला वाचवलं एका बाबूने, पेन्सिलने.

कागद वाचून दाखवल्याशिवाय ते कुणाच्याही हातात देत नसत. रांग लागो, साहेब ओरडो. खिडकीशी आलेल्या माणसाला आत बोलवायचे, स्टुलावर बसवायचे आणि एकेक ओळ वाचून तिचा अर्थ सांगायचे. मी एकदा विचारलं, काहून एवढा उपद्व्याप करता? मी काटोलचाच, मेडिकलला आल्यावर माझं 'मले-तुले' गळून पडलं होतं, पण रामटेकेबाबूंशी बोलताना एखादा शब्द निसटायचाच. ते हसले. त्यांचे वडील मिलमध्ये कामगार होते, छप्पन साली दीक्षा घेतलेले, सहीपुरतंही न शिकलेले. मिलच्या साहेबाने एकदा त्यांच्या हातात इंग्रजीतला कागद ठेवला आणि पाठीवर हात मारला. वडिलांनी तो काचेच्या चौकटीत घालून बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावला. शाबासकीचा कागद म्हणून पाहुण्यांना दाखवायचे.

"मी आठवीत गेलो तवा डिक्शनरी घेऊन वाचला," रामटेकेबाबू म्हणाले. "पाळीत झोपल्याबद्दल ताकीद होती."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"मग सांगितलं तुम्ही त्यांना?"

"नाही. तो एकच कागद मी कोणाले वाचून दाखवला नाही." त्यांनी चष्मा पुसला. "आता वाटते सांगाले पायजे होतं. आपल्याच घरात लोक त्याहीले हसून गेले असतील."

असा माणूस. घर जरीपटक्याच्या अलीकडे, येणं-जाणं सायकलवर. चहा बिनसाखरेचा, तर्री-पोहे मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तिखट. दसऱ्याच्या सुमाराला तीन दिवस हक्काची रजा, दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांना पाणी वाटायला. त्या तीन दिवसांत आम्ही हृदयं बंद पाडून घ्यायचो आणि ते परत आले की सगळे दाखले पुन्हा वर यायचे.

आता वैशालीचं सांगतो. सांगायचं नव्हतं म्हणूनच इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसलो, हे मला कळतं.

तोवर मी त्याच वॉर्डात लेक्चरर झालो होतो. वैशाली चोवीस वर्षांची, दोन वर्षांच्या मुलीची आई. सासर जरीपटक्याला, माहेर कामठीला. माहेरपणाला आली असताना तिला ताप भरला. तिची आई सुभद्राबाई विणकरांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरून घर चालवणारी. तिने रात्री औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी दिली, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या आणि सकाळी मुलगी बरळायला लागल्याबरोबर ऑटो करून थेट आमच्याकडे आणली. सव्वाअकरा वाजले होते. मान ताठ, शुद्ध अर्धवट. मेंदूज्वर आहे हे मला दारातच समजलं. हे मी कबूल करतो, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत ते महत्त्वाचं आहे.

या आजारात माणूस मरतो तो मेंदूच्या सुजेने, किंवा जंतू रक्तात पसरून रक्तदाब कोसळल्याने. त्यातून वाचलाच तर दुसऱ्या आठवड्यात न्यूमोनियाने. हे सगळं मला पाठ होतं. अँटिबायोटिकच्या इंजेक्शनला तासाचाही उशीर होता कामा नये, हेही पाठ होतं. पण आमच्या युनिटची एक रीत पडून गेली होती, आधी स्कॅन, मग पाठीतलं पाणी, मग इंजेक्शन. त्या दिवशी स्कॅनला रांग होती. इंजेक्शन वॉर्डातल्या कपाटात होतं, माझ्यापासून दहा पावलांवर. सिस्टरनी मला दोनदा विचारलं, "सर, इंजेक्शन देऊन टाकू?" मी दोन्ही वेळा म्हणालो, "थांबा, स्कॅन होऊ द्या." इंजेक्शन दिलं तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती. तिसऱ्या दिवशी दुपारी वैशाली गेली.

दाखला मी व्यवस्थित लिहिला. तिन्ही ओळी, रामटेकेबाबूंनी पाठ थोपटावी अशा. पण केसपेपरच्या शेवटी गोषवारा लिहावा लागतो, त्याची प्रत नातेवाइकांना दाखल्याबरोबर मिळते. सुभद्राबाईने मला सांगितलं होतं, सर्दी पाच दिवसांपासून, ताप कालपासून. मी लिहिलं, 'पाच दिवसांपासून ताप. उशिरा दाखल.' हे दोन शब्द आमच्याकडे हाताच्या वळणाचे झाले होते. गेलेल्या प्रत्येक पेशंटच्या कागदावर ते कुठेतरी असायचेच. हात आपोआप वळला, असं मी पुढे कैक वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. लिहिताना माझी नजर सिस्टरच्या चार्टवरच्या वेळेवर होती.

दोन दिवसांनी रामटेकेबाबू वॉर्डात आले. हातात वैशालीचा कागद, 'उशिरा'पुढे ते बारीक प्रश्नचिन्ह.

"सव्वाअकरा ते पाच," ते हळूच म्हणाले. "उशीर कोणाचा, साहेब?"

"बाबू, माझा राउंड चालू आहे."

"पोरीची आई खाली बसून आहे. जावईही आहे संगं. दाखला मी वाचून देला. हे ओळ माह्याच्यानं होत नाही. तुम्ही येऊन वाचा, नाहीतर खोडा."

"येतो थोड्या वेळात."

"बसते ते. मी सांगतलं, डॉक्टरसाहेब येतात म्हणून."

सुभद्राबाई चार वाजेपर्यंत बाकावर बसली होती. मी साडेतीनला मागच्या जिन्याने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी मी उसन्या बेफिकिरीने विचारलं, "काय केलं मग त्या कागदाचं?"

"जे लिहिलं होतं ते वाचलं," ते म्हणाले. "माया मनचं वाचाचा मले अधिकार नाही."

त्यानंतर त्यांनी मला एक शब्दानेही टोचलं नाही. दाखले परत पाठवत राहिले, प्रश्नचिन्हं काढत राहिले, दिसलो की नमस्कार करत राहिले. मीही करत राहिलो. माणसं याला संबंध चांगले आहेत असं म्हणतात.

चार-पाच वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात मी भाषण केलं, तिसऱ्या ओळीचा किस्सा सांगितला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल-श्रीफळ घेऊन ते जिन्यापाशी थांबले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्या कामठीच्या बाईचं राहून गेलं, साहेब. तवा मी वाचलं ते जावयानं ऐकलं ना. 'उशिरा दाखल.' तवापासून ते लोक नातीले आजीच्या घरी धाडत नाहीत. म्हणतात, आईले मारलं, आता पोरीले मारन." मग म्हणाले, "लिहिलं तुम्ही, पण ऐकवलं मी. माही सवय नडली."

मी म्हणालो, "जाऊ एकदा." पुढच्या महिन्यात जाऊ, म्हणालो. त्या 'पुढच्या महिन्याला' दोन वर्षं लागली.

एके दिवशी मी वर्गात मेंदूज्वर शिकवत होतो. फळ्यावर मृत्यूची कारणं लिहिली. सूज, रक्तदाब कोसळणं, झटके, न्यूमोनिया. सर्वांत खाली 'उपचारास विलंब'. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, हा विलंब पेशंटचा धरायचा की आपला?" मुलं हसली. मी तास वीस मिनिटं आधी सोडला आणि बाहेर येऊन रामटेकेबाबूंना फोन लावला. मी कोण, हे सांगायच्या आतच ते म्हणाले, "चला ना. मी घरीच आहे."

रविवारी सकाळी मी त्यांना गाडीत घेतलं. आजारपणाने खंगले होते. स्वेटर आता खांद्यावरून ओघळत होता. कामठीला पोचेपर्यंत ते रस्त्यावरच्या दुकानांबद्दलच बोलत होते. मला वाटतं, मी गाडी वळवू नये म्हणून.

सुभद्राबाई दोन खोल्यांच्या घरात एकटी राहत होती. तिने मला ओळखलं नाही, रामटेकेबाबूंना ओळखलं. मी सांगितलं. सव्वाअकरा, रांग, कपाट, सिस्टरचं दोनदा विचारणं, पाच. मध्येच मी "असं झालं की", "उशीर होत गेला" असं बोलायला लागलो की रामटेकेबाबू खाकरत. मग मी "मी थांबवलं" म्हणत असे.

ती रडली नाही. कांड्यांच्या टोपलीत हात तसाच ठेवून बसली होती.

"मंजे मी गोळी देऊन रात्री झोपवली, त्यानं नाही मेली ते?"

मला "नाही" म्हणायचं होतं. म्हणून टाकावं, सात वर्षांनी एवढं तरी द्यावं. पण रामटेकेबाबू माझ्याकडे पाहत होते.

"त्या रात्री आणली असती तर चांगलं झालं असतं," मी म्हणालो. "पण ताप त्याच दिवशी आला होता. गोळी कोणत्याही आईने दिली असती. मला तर तो आजार दिसला होता. ते साडेपाच तास माझे आहेत."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "तसं लिहून द्या."

सांगणं वेगळं, लिहिणं वेगळं. प्रोफेसरच्या बढतीचे कागद त्या वर्षी माझे वर गेले होते. हे सगळं डोक्यातून गेलं, आणि ते जात असताना ती बाई माझ्याकडे पाहत होती.

"तिचा बाप म्हणते, दवाखान्याच्या कागदावर लिहिलं आहे," ती म्हणाली. "तोंडानं सांगतलेलं कोण ऐकते माह्यं? पोरगी नऊ वर्षांची झाली. शाळेच्या दारात जाऊन पायतो मी तिले. ओळखत नाही ते."

रामटेकेबाबूंनी एक कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मी लिहिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि कागद परत केला. मी 'रुग्णास इंजेक्शन देण्यास विलंब झाला' असं लिहिलं होतं.

"झाला मंजे?" ते म्हणाले. "कोणी केला?"

मी दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहिलं. 'मी विलंब केला.' मराठीत किती लहान वाक्य आहे हे. खाली दोन्ही वेळा लिहिल्या, ताप आदल्या दिवसापासूनच असल्याचं लिहिलं, आईकडून हयगय झाली नाही असं लिहिलं, पूर्ण नाव घातलं, सही केली. रामटेकेबाबूंनी तो कागद सुभद्राबाईला सावकाश वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला.

"आता हे पाहून पाठवतील का तिले?" तिने विचारलं.

"मले नाही माहीत, बाई," ते म्हणाले. "पण जाऊन वाचू तर. आजच जाऊ. आज रविवार आहे, जावई घरी असन."

मी गाडीची किल्ली काढली. म्हणालो, मी सोडतो, मीही येतो, माझ्या तोंडून ऐकलं तर बरं पडेल.

"तुम्ही नोका येऊ, साहेब," रामटेकेबाबू म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुम्ही आले तर ते तुमाले खुर्ची देतील, चहा ठेवतील, एवढा मोठा डॉक्टर आपल्या घरी आला म्हणतील. आन् हे बाई दारात उभीच राहीन. मी त्या दिवशी त्याच्यासमोर एक वाचलं. आता हे वाचतो."

कोपऱ्यावर जरीपटक्याकडे जाणारा शेअरिंगचा ऑटो भरत होता. सुभद्राबाईने चांगलं लुगडं नेसून घेतलं होतं. मागे दोघी जणी आधीच बसलेल्या, त्यांच्या शेजारी ती बसली. रामटेकेबाबूंना पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला अर्धी जागा मिळाली. लांब पाय आत मावेनात, म्हणून एक गुडघा बाहेर ठेवून ते वाकडे बसले. एका हाताने दांडी धरली होती आणि दुसरा हात स्वेटरच्या आत, कागदावर. ऑटो सुटला. त्यांनी वळून पाहिलं नाही.

त्यानंतर ते वर्षभर जगले. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, आणि मी एकदाही तो लावून विचारलं नाही, की पोरगी आजीकडे येते का. ते गेल्याचं मला चार महिन्यांपूर्वी उडत उडत कळलं, तेव्हा दहा दिवस होऊन गेले होते. त्या रविवारी ऑटो दिसेनासा झाल्यावर मी गाडीत येऊन बसलो, आणि जरीपटक्याला जावं लागलं नाही म्हणून मला बरं वाटलं. वैशालीच्या साडेपाच तासांचा हिशोब मी कागदावर लिहून दिला आहे. हे बरं वाटणं मात्र मी अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं.